मस्टँगचे मागचे कंट्रोल आर्म बदलायचेत? आधी बुश समजून घ्या, मग पैसे घाला

पॉवरफुल गाड्यांच्या लाँचचे व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहिलेच असतील. क्लच सुटतो, आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी तिचं मागचं चाक जागच्या जागी थडथड उड्या मारायला लागतं. याला म्हणतात व्हील हॉप. बघायला मजा येते, पण त्याच वेळी आत डिफरन्शियल, ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्टवर अक्षरशः हातोडे पडत असतात. यातलं काहीही तुटू शकतं, आणि तुटलं की हजारो डॉलरचं बिल येतं.

यावर उपाय म्हणून सगळे एकच नाव घेतात: आफ्टरमार्केट रिअर कंट्रोल आर्म. पण ऑनलाइन शोधायला गेलं की डोकं फिरतं. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. त्याने २०११ ची सेकंड-हँड फोर्ड मस्टँग जीटी घेतली, आणि दुसऱ्याच महिन्यात त्याचा मेसेज आला, "दादा, दोन्ही तर लोखंडाच्या कांड्याच आहेत. मग एक जोडी दीडशे डॉलरला आणि दुसरी चारशेला का?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आजच्या लेखात त्याचंच उत्तर बघूया.

कंट्रोल आर्म म्हणजे नक्की काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर चाक (किंवा ॲक्सल) आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी दांडी म्हणजे कंट्रोल आर्म. चाकाने वर-खाली व्हायचं, पण पुढे-मागे पळायचं नाही, हे ती बघते. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. चाक कुठल्या दिशेने हलेल हे ठरवायचं काम आर्मचं.

मस्टँगची २००५ ते २०१४ ही पिढी एस१९७ या कोडने ओळखली जाते. हिला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. या ॲक्सलला चार गोष्टी जागेवर धरतात:

- दोन लोअर कंट्रोल आर्म, डाव्या आणि उजव्या बाजूला खाली
- एक अपर कंट्रोल आर्म, मधोमध डिफरन्शियलच्या वर
- एक आडवा पॅनहार्ड रॉड, जो ॲक्सलला डावीकडे-उजवीकडे सरकू देत नाही

गाडी जोरात सुटते तेव्हा चाकं पुढे ढकलतात आणि तो सगळा धक्का लोअर आर्ममधून बॉडीला मिळतो. म्हणजे लोअर आर्म दाबले जातात. त्याच वेळी ॲक्सलचं तोंड वर उचललं जातं, त्यामुळे वरचा आर्म ताणला जातो. ब्रेक मारला की नेमकं उलटं: खालचे ताणले जातात, वरचा दाबला जातो.

किती जोर येतो?

२०११ च्या जीटीमध्ये ५.० लिटरचं व्ही८ इंजिन आहे. ताकद ४१२ हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे ५२९ न्यूटन मीटर. मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६६ आणि ॲक्सलचा रेशो ३.३१ धरला, तर ५२९ × ३.६६ × ३.३१ म्हणजे ॲक्सलवर जवळपास ६,४०० न्यूटन मीटर. घर्षणात थोडं कमी होईल, टायर घसरला तर अजून कमी होईल, पण अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे.

आता कल्पना करा: १० मीटर लांबीचा एक पाना आहे आणि त्याच्या टोकावर ६५ किलोचा माणूस उभा आहे. तेवढा पीळ! तो अडवायला तीन दांड्या आणि त्यांच्या टोकांना असलेले रबरी बुश. कंपनीचे लोअर आर्म म्हणजे पत्रा दाबून बनवलेली, एका बाजूने उघडी असलेली पन्हळ. रोजच्या वापराला ते पुरतात. पण चिकट टायर लावून जोरात सोडलं की रबर दबतं, ॲक्सल पिळला जातो, टायरची पकड सुटते, दबलेलं रबर स्प्रिंगसारखं उसळतं, टायर पुन्हा पकडतो, रबर पुन्हा दबतं. हे चक्र एका सेकंदात अनेकदा होतं. हाच तो व्हील हॉप.

म्हणजे खरा दोषी लोखंड कमी आणि रबर जास्त. खरेदी करताना हे लक्षात ठेवा.

बुश: इथेच खरा फरक पडतो

आर्मच्या दोन्ही टोकांना बुश असतो. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

१. रबर. शांत, मेंटेनन्स नाही, पिळलं तरी तक्रार करत नाही. पण जोरात दाबलं की दबतं. काही कंपन्या जास्त कडक रबराचेही आर्म देतात. ज्याला गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे त्याच्यासाठी हा वाईट पर्याय अजिबात नाही.

२. पॉलियुरेथेन, म्हणजे बोलीभाषेत पॉली. रबरापेक्षा बराच कडक, त्यामुळे ॲक्सल पिळणं खूप कमी होतं. तोटे दोन. एक, ग्रीस संपलं की चूं-चूं आवाज करतो, म्हणून ग्रीस भरायची निपल असलेला आर्मच घ्या. दोन, तो सरळ दाब छान झेलतो पण वाकडा पीळ त्याला आवडत नाही.

३. स्फेरिकल बेअरिंग किंवा रॉड एंड. धातूच्या खोबणीत फिरणारा धातूचा गोळा. दबणं जवळपास शून्य, आणि कुठल्याही दिशेला मोकळा फिरतो. पण रस्त्याचा प्रत्येक आवाज थेट केबिनमध्ये येतो, धूळ-पाणी गेलं की झिजतो आणि मग खडखडतो.

"वाकडा पीळ" म्हणजे काय ते नीट समजून घ्या. गाडी वळणावर कलते, तेव्हा बॉडी एका कोनात आणि ॲक्सल दुसऱ्या कोनात असतो. मधला आर्म त्यामुळे कपडे पिळल्यासारखा पिळला जातो. कंपनीचा उघडा पत्रा आणि रबर हा पीळ सहज सोसतात. पण तुम्ही चौकोनी बंद पाइपचा आर्म घेतला आणि दोन्ही टोकांना कडक पॉली बसवला, तर पीळ जायला जागाच उरत नाही. सस्पेन्शन अडकतं. याला बाइंड म्हणतात.

एस१९७ मध्ये लोअर आर्म साधारण सरळ पुढे-मागे असल्यामुळे हा त्रास मर्यादित असतो. पण त्याआधीच्या, म्हणजे १९७९ ते २००४ च्या मस्टँगमध्ये वरचेही दोन आर्म होते आणि ते तिरके होते. तिथे वरच्या आर्ममध्ये कडक पॉली घातला की वळणावर मागची बाजू अडकते आणि मग अचानक सुटून बाहेर फेकली जाते. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं. म्हणून जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं, हे गणित सस्पेन्शनमध्ये चालत नाही.

सोपा तोडगा म्हणजे मिश्र आर्म: एका टोकाला पॉली किंवा रबर, दुसऱ्या टोकाला स्फेरिकल. पीळ स्फेरिकलकडून निघून जातो आणि थोडा आवाज दुसरा बुश खातो.

मटेरियलच्या नावाला किती भुलायचं?

जाहिरातीत "क्रोमोली" हा शब्द ठळक दिसतो. क्रोमोली हे मजबूत स्टील आहे यात वाद नाही. पण गंमत बघा: साध्या स्टीलची आणि क्रोमोलीची ताठरता जवळपास सारखीच असते, सुमारे २०५ गिगापास्कल. म्हणजे एकाच मापाचे दोन पाइप घेतले तर दोन्ही सारखेच वाकतील. क्रोमोली मोडायला किंवा कायमचं वाकायला जास्त जोर लागतो, म्हणून पाइप पातळ करून वजन वाचवता येतं. फायदा एवढाच.

ॲल्युमिनियमची ताठरता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, वजनही तेवढंच कमी. त्यामुळे ॲल्युमिनियमचा आर्म जाडजूड बनवावा लागतो. तो गंजत नाही ही जमेची बाजू.

रस्त्यावरच्या गाडीला साध्या स्टीलचा बंद पाइप आणि चांगली पावडर कोटिंग पुरेशी आहे. मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: चारशे डॉलरमधला बराचसा भाग स्फेरिकल बेअरिंग, लांबी बदलायची सोय आणि महागडं मटेरियल यांचा असतो. ते तुम्हाला लागणारच नसेल, तर ते पैसे वाया.

फिक्स्ड की ॲडजस्टेबल?

ॲडजस्टेबल आर्मची लांबी थ्रेड फिरवून कमी-जास्त करता येते. ऐकायला भारी वाटतं, पण काम नेमकं काय?

लोअर आर्मची लांबी बदलून ॲक्सल पुढे-मागे सरकतो. दोन्ही बाजू एकदम सारख्या ठेवाव्या लागतात. एक आर्म तीन मिलिमीटर लांब राहिला तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. नेमकं माप घ्यायची सोय नसेल तर फिक्स्ड आर्म हाच शहाणपणा.

अपर आर्मची लांबी बदलली की डिफरन्शियलचं तोंड वर-खाली होतं, म्हणजे पिनियन अँगल बदलतो. गाडी बरीच खाली केली असेल किंवा एकसंध प्रोपेलर शाफ्ट टाकला असेल, तर हा कोन जुळवावा लागतो, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते. इथे ॲडजस्टेबल खरंच कामाचा.

एक सापळा सांगून ठेवतो. लोअर आर्म २००५ ते २०१४ सगळ्या एस१९७ ना सारखेच बसतात. अपर आर्म मात्र २००५–२०१० साठी वेगळा आणि २०११–२०१४ साठी वेगळा असतो. लिस्टिंगमध्ये नुसतं "मस्टँग एस१९७" वाचून ऑर्डर करू नका, वर्ष तपासा.

गाडी खाली केलीय? मग आर्म एकटा पुरणार नाही

स्प्रिंग बदलून गाडी इंचभर खाली केली की बॉडी खाली येते, ॲक्सल मात्र तिथेच राहतो. त्यामुळे आर्मचं पुढचं टोक मागच्या टोकाच्या तुलनेत खाली जातं. याचा परिणाम असा, की गाडी सुटताना मागे जास्त बसते आणि पहिल्या क्षणात टायरला हवी तशी पकड मिळत नाही. तुम्ही कितीही महाग आर्म लावा, कोन चुकला असेल तर निम्मा फायदा गेला.

यासाठी रिलोकेशन ब्रॅकेट मिळतात. ते ॲक्सलच्या बाजूचं भोक खाली आणतात, म्हणजे आर्मचा उतार पुन्हा नीट होतो. त्यात दोन-तीन भोकं दिलेली असतात. मोह होतो की सगळ्यात खालचं भोक वापरून जास्तीत जास्त पकड घ्यावी. पण उतार जास्त तीव्र झाला तर दोन गोष्टी घडतात. वळणावर बाहेरचं चाक किंचित मागे आणि आतलं किंचित पुढे सरकतं, म्हणजे मागचा ॲक्सल स्वतःच बाहेरच्या दिशेने वळतो आणि गाडीची शेपटी निघायला लागते. आणि जोरात ब्रेक मारताना मागची चाकं उडायला लागतात. ड्रॅग स्ट्रिपसाठी खालचं भोक ठीक, रस्त्यासाठी वरचं.

खाली केलेल्या गाडीत ॲक्सल एका बाजूला थोडा सरकलेलाही असतो, कारण पॅनहार्ड रॉड तिरका झालेला असतो. त्यासाठी ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड लागतो. तो खर्चही आधीच धरून ठेवा.

फोनचा उपयोग करा

खरेदीआधी मोजमाप करा. त्यासाठी वर्कशॉप लागत नाही.

- आर्मचा उतार: सपाट जमिनीवर गाडी चारही चाकांवर उभी करा. लोअर आर्मच्या पुढच्या बोल्टची आणि मागच्या बोल्टची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि फोटो काढून ठेवा. पुढचा बोल्ट मागच्यापेक्षा खाली असेल तर ब्रॅकेटचा विचार करा.
- पिनियन अँगल: फोनमधलं लेव्हल ॲप उघडा. आधी प्रोपेलर शाफ्टवर, मग डिफरन्शियलच्या तोंडावर फोनची तीच कड ठेवून कोन घ्या. आपल्याला दोन्हींमधला फरक हवा आहे. त्यामुळे फोन अर्धा अंश चुकत असला तरी दोन्ही वेळा तेवढाच चुकेल आणि वजाबाकीत चूक निघून जाईल. हे माप चाकांवर वजन असतानाच घ्यायचं, म्हणजे चारही चाकांना उभं राहता येईल अशा लिफ्टवर.
- व्हील हॉप: बंद ट्रॅकवर ट्रायपॉडला फोन लावून स्लो मोशनमध्ये शूट करा. २४० फ्रेमला चाकाची उडी स्पष्ट दिसते. फोन बाजूला, सुरक्षित अंतरावर.
- आवाज: आर्म बदलण्याआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला केबिनमधला आवाज रेकॉर्ड करा.

आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली फोटोसाठीसुद्धा जायचं नाही. जॅक स्टँड किंवा लिफ्ट, तिसरा पर्याय नाही.

मग भावाला मी काय सांगितलं?

मी त्याला चार प्रश्न विचारले. गाडी रोज वापरतोस का? हो. खाली केलेली आहे का? आधीच्या मालकाने साधारण इंचभर. ट्रॅकवर किती वेळा? वर्षातून दोन-तीनदा ड्रॅग स्ट्रिपला. मागच्या सीटवर कोण बसतं? चार वर्षांची मुलगी.

शेवटच्या उत्तराने बरंच काही ठरलं. एस१९७ मध्ये अपर आर्म बॉडीला जिथे जोडलेला आहे ती जागा मागच्या सीटच्या खालीच येते. तिथे कडक बुश घातला की डिफरन्शियलची घूं-घूं थेट मागे बसलेल्याच्या कानात. म्हणून अपर आर्मला हात लावायचा नाही, तो कंपनीचाच राहू दे. स्फेरिकलही नको, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी उघड्या बेअरिंगला खाऊन टाकतं.

राहिलं काय? स्टीलच्या बंद पाइपचे फिक्स्ड लोअर आर्म, ग्रीस निपल असलेले पॉली बुश, आणि बोल्टने बसणारे रिलोकेशन ब्रॅकेट वरच्या भोकात. बीएमआर, स्टीडा अशा कंपन्या या गाडीसाठी असे भाग बनवतात. तो म्हणाला, "पण दादा, सगळे तर तिन्ही आर्म एकदम बदलतात." मी म्हटलं, "आधी दोन बदल, महिनाभर चालव. उडी थांबली तर तिसऱ्याचे पैसे टायरला घाल."

बसवताना या गोष्टी पाळा

- एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही एकदम काढल्या तर ॲक्सल फिरतो आणि भोकं जुळत नाहीत.
- रबर बुश असलेला कुठलाही आर्म असेल, तर शेवटचं टाइट करणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. हवेत लटकलेल्या चाकावर टाइट केलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बरेच मेकॅनिक इथे घाई करतात, त्यामुळे समोर उभे राहून सांगा.
- टॉर्क रेंच वापरा, आकडा मॅन्युअलमधला घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.
- शेवटी अलाइनमेंट मशीनवर थ्रस्ट अँगल बघून घ्या. ॲक्सल सरळ बसलाय का हे त्यातून कळतं.

भारतातल्या वाचकांसाठी

फोर्डने २०१६ पासून भारतात विकलेली मस्टँग ही पुढची पिढी, एस५५०. तिला मागे सॉलिड ॲक्सल नाही, इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. वर सांगितलेले आर्म तिला बसत नाहीत. तिथे व्हील हॉपचं मोठं कारण मागच्या सबफ्रेमचे मऊ बुश असतं, त्यामुळे सुरुवात तिथून करायची.

स्विफ्ट, पोलो, आय२० यांना मागे टॉर्शन बीम असतो. त्यांना असे कंट्रोल आर्म नसतातच. कुणी या गाड्यांसाठी "रिअर कॅम्बर आर्म" विकत असेल तर लांब राहा. आणि एकाच नावाच्या गाडीतही फरक असू शकतो: फोक्सवॅगन गोल्फच्या सातव्या पिढीत कमी ताकदीच्या मॉडेल्सना टॉर्शन बीम आणि जास्त ताकदीच्यांना मल्टिलिंक होतं. म्हणून नाव बघून नाही, गाडीखाली बघून ठरवा.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. सस्पेन्शनला हात लावण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी दोन्हींकडे विचारा. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

थोडक्यात

आधी टायर आणि शॉकॲब तपासा. ते गेलेले असतील तर आर्म बदलून काही होणार नाही. मग आर्मचा उतार मोजा. मग बुश निवडा: रोजची गाडी असेल तर रबर किंवा पॉली, वळणांचा ट्रॅक असेल तर मिश्र, फक्त रेसिंग असेल तर स्फेरिकल. मटेरियल आणि रंग सगळ्यात शेवटी. गाडीत तुमच्याबरोबर कोण बसतं, तेही या यादीत धरा.